शून्याचा मानकरी

आपल्याकडे मनाला येईल तो आकडा सांगणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. प्लंबर नळाकडे नुसता बघतो आणि ‘अठराशे’ म्हणतो. रिक्षावाला आधी माझ्याकडे, मग आभाळाकडे बघतो आणि ‘दोनशे’ म्हणतो. लग्नाला माणसं किती येतील असं विचारलं, की मुलीचे काका छातीठोकपणे एक आकडा सांगतात. त्या आकड्याचा आणि प्रत्यक्षात उठलेल्या पानांचा संबंध आजवर कुणाला लावता आलेला नाही. अशा प्रतिभावंत समाजात जन्म घेऊन मी पोटासाठी काय करतो, तर संगणकाकडून मनाला येईल तो आकडा काढून घेतो. तेही हिंजवडीत, एसीत बसून, आणि तो नीट निघत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत.

संगणकाची पंचाईत अशी, की त्याला मनच नाही. त्याला सुरुवातीला एक सीड, म्हणजे पहिला आकडा, द्यायचा. त्या सीडवर तो ठरलेली आकडेमोड करतो, एक आकडा काढतो, त्यावरून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा, आणि आपण त्या सगळ्याला ‘रँडम’ म्हणून मोकळे होतो. सीड तोच दिला, की आकडे तेच, त्याच क्रमानं, कितीही वेळा. सी भाषेत सीड द्यायला विसरलात तर लिनक्सवर पहिला आकडा १८०४२८९३८३ येतो. गेल्या वर्षीही तोच आला होता, पुढच्या वर्षीही तोच येईल. एवढी शिस्त आमच्या कँटीनच्या चहालाही नाही.

असं आकडेमोड करून रँडम आकडे काढणाऱ्याला जॉन फॉन नॉयमननं १९५१ सालीच पापी ठरवून टाकलं होतं. गंमत म्हणजे तो स्वतःही हेच पाप करत होता. त्याची पद्धत अशी: चार आकडी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, मधले चार अंक उचला, झाला पुढचा आकडा. छान चालतं. पण चुकून २१०० हाताला लागला, तर त्याच्या पुढे ४१००, मग ८१००, मग ६१००, आणि पुन्हा आपला २१००. पुढे १९५९ मध्ये डोनाल्ड क्नुथनं हुशारी केली. कुणाला उलगडूच नये अशी तेरा पायऱ्यांची एक महागुंतागुंतीची पद्धत त्यानं रचली. कोड वाचूनही काय चाललंय ते कळू नये, असा बेत होता. यंत्रावर ती चालवली तर जवळजवळ लगेच ६०६५०३८४२० या आकड्यावर येऊन बसली आणि तिथून हलायला तयार होईना. हा गृहस्थ पुढे संगणकशास्त्राचा भीष्माचार्य झाला. त्यामुळे आमच्यासारख्यांना जरा धीर येतो. आम्ही भीष्माचार्य होणार नाही, पण अडकून बसण्याच्या बाबतीत त्यांच्या बरोबरीचे आहोत.

तर यंदा आमच्या कंपनीच्या दिवाळी स्नेहमेळाव्यात सोडत काढायची ठरली. बक्षिसं चार: मिक्सर, स्मार्टवॉच, प्रेशर कुकर आणि गोव्याला दोन रात्री. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू मी ऑफिसात पाटी-पेन्सिल आणायला सांगितली होती.

‘आपण आयटी कंपनी आहोत. क्लायंट व्हीसीवर बघणार आहे.’

‘मग छोटासा प्रोग्रॅम लिहितो. दहा ओळींचा.’

‘दहाच?’

हा ‘दहाच?’ आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा प्रश्न आहे. त्यानंतर तीन मीटिंगा झाल्या आणि सोडतीचं आर्किटेक्चर ठरलं. स्टेजवर चार मोठे पडदे. चारही बक्षिसं एकाच वेळी. प्रत्येक पडद्यावर कर्मचाऱ्यांची नावं गरागरा फिरणार, वाद्यं वाजणार, आणि मग एकेक नाव थांबणार. म्हणजे प्रोग्रॅममध्ये चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे चार धागे, आणि चौघंही एकाच वेळी आकडे मागणार. ‘मल्टीथ्रेडेड आहे हे क्लायंटला दिसलं पाहिजे,’ असंही मिनिट्समध्ये लिहिलं गेलं. थ्रेड डोळ्यांना दिसत नाहीत, ही बाब मी पुढच्या मीटिंगसाठी राखून ठेवली.

मी हुद्द्यानं आर्किटेक्ट आहे. आई हे नातेवाइकांत इतक्या अभिमानानं सांगते की दोन मामेभावांनी माझ्याकडे बंगल्याचे प्लॅन मागितले आहेत. खरं तर आर्किटेक्टनं कोड लिहायचा नसतो, दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडकडे बघून सुस्कारा सोडायचा असतो. त्यामुळे काम एका ज्युनिअर पोराकडे गेलं. पोरगा हुशार. कानाला हेडफोन लावून संध्याकाळपर्यंत सगळं करून मोकळा झाला.

पहिल्या रंगीत तालमीला बटण दाबलं. नावं फिरली, थांबली. टेस्टिंगमधल्या एका मुलीला मिक्सर. त्याच मुलीला स्मार्टवॉच. कुकरही तिलाच. गोव्यालाही तीच.

‘काय नशीब असतं एकेकीचं!’ एचआरच्या मॅडम म्हणाल्या.

पुन्हा बटण दाबलं. आता नेटवर्कवाल्या दादांना मिक्सर, घड्याळ, कुकर आणि गोवा. दादा तिथेच वायरी ओढत होते. ते वर बघून म्हणाले, ‘घड्याळ नको, त्याऐवजी अजून एक कुकर चालेल.’

पोरगा घाबरा झाला. ‘सर, मी प्रत्येक थ्रेडला वेगळा रँडम दिलाय. एकमेकांत भांडण नको म्हणून.’

हेतू उदात्त होता. पण आमचं प्रॉजेक्ट जुन्या डॉट नेटवर आहे. तिथे नवा रँडम जन्माला घातला की तो आपला सीड संगणकाच्या घड्याळावरून घेतो, आणि ते घड्याळ दहा ते सोळा मिलिसेकंदांतून एकदाच पुढे सरकतं. तेवढ्यात चार थ्रेड जन्मून, आंघोळ करून तयार असतात. चौघांचा सीड एकच, म्हणून चौघांचा पहिला आकडा एकच, दुसराही एकच, शेवटपर्यंत एकच.

‘म्हणजे चौघंही एकाच मुहूर्तावर जन्मले,’ अकाउंट्समधले काका म्हणाले. ‘मग पत्रिका सारखीच येणार.’

काकांचा या प्रॉजेक्टशी काही संबंध नव्हता. बक्षिसांची बिलं त्यांच्याकडे येणार होती, तेवढ्या भांडवलावर ते प्रत्येक तालमीला हजर असत. पण मी जे पांढऱ्या फळ्यावर अर्धा तास खरडत होतो ते त्यांनी एका वाक्यात उरकलं, आणि तेव्हापासून मॅनेजरसाहेब तांत्रिक शंका त्यांनाच विचारू लागले.

पोरानं रात्रीत दुरुस्ती केली. चार वेगळे नकोत ना, मग चौघांत मिळून एकच. दुसऱ्या तालमीला नावं पुन्हा फिरू लागली. या वेळी चारही पडद्यांवर वेगवेगळी. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पडदे फिरत होते, वाद्यं वाजत होती, आणि अचानक चारही पडद्यांवर एकच नाव येऊन थांबलं. थांबलं म्हणजे फिरणं चालू होतं, पण त्याच नावावरून त्याच नावावर. ते नाव आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरसाहेबांचं होतं.

खोलीत शांतता पसरली. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

‘हे अगदी योग्य झालं,’ मॅनेजरसाहेब म्हणाले. ‘म्हणजे, त्यांनी किती कष्टानं कंपनी उभी केली!’

मी म्हटलं, ‘सर, हा बग आहे.’

‘हळू बोला.’

यादी नोकरीला लागल्याच्या तारखेनुसार लावलेली होती. प्रोग्रॅमर लोक मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. म्हणून यादीतला शून्याव्या क्रमांकाचा माणूस म्हणजे साक्षात डायरेक्टर. आणि आमचा रँडम आता फक्त शून्य सांगत होता. एकदा नाही, सतत. बटण दाबा, शून्य. पुन्हा दाबा, शून्य. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की थोडा वेळ शहाण्यासारखा वागे आणि मग परत शून्याला लागे.

याचं कारण मला फार आवडतं, म्हणून ते जरा सांगतो. वाचकांपैकी कुणाला घाई असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, तिथे काकांचा वडा आहे. त्या जुन्या रँडमच्या पोटात आकड्यांची एक रांग असते, पंचावन्न आकड्यांची. त्या रांगेवर दोन बोटं ठेवलेली असतात, एकमेकांपासून २१ घरं लांब. कुणी आकडा मागितला की दोन्ही बोटं एकेक घर पुढे सरकतात, एका बोटाखालच्या आकड्यातून दुसऱ्या बोटाखालचा वजा होतो, आलेलं उत्तर आपल्याला मिळतं आणि रांगेतही लिहून ठेवलं जातं. मूळ कल्पना पुन्हा त्या क्नुथचीच. पुस्तकात अंतर ३१ घरांचं, कोडमध्ये पडलं २१. ते लक्षात आलं तोवर जगभरचे प्रोग्रॅम त्यावर चालू लागलेले, म्हणून तसंच ठेवलं. तर एकटा थ्रेड असेल तेव्हा दोन्ही बोटं एका पावलानं चालतात. चार थ्रेड एकदम घुसले, की एकानं पहिलं बोट उचललेलं असतं, तेवढ्यात दुसरा दोन्ही बोटं पुढे नेतो, मग पहिला येऊन आपलं जुनं बोट होतं तिथे टेकवतो. २१ चं २० होतं, २२ होतं, १७ होतं. असं ढकलाढकलीत कधीतरी दोन्ही बोटं एकाच घरावर येतात. मग आकड्यातून तोच आकडा वजा. शून्य. ते शून्य रांगेत लिहिलं जातं. पुढच्या घरावरही दोन्ही बोटं एकत्रच, पुन्हा शून्य. आता जगात कुणी कितीही शिस्तीनं वागलं तरी ती बोटं वेगळी होत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रात हे साफ लिहिलेलं आहे: अनेक थ्रेडांत मिळून वापराल, काळजी घेणार नाही, तर शून्य मिळेल. पण माहितीपत्र वाचणारा प्रोग्रॅमर मी फक्त मुलाखतीत पाहिला आहे, तोही खुर्चीच्या त्या बाजूला.

काका तालमीला वडापाव घेऊन आले होते. माझं व्याख्यान ऐकता ऐकता त्यांनी वडा संपवला आणि विचारलं, ‘पण क्रॅश का नाही झालं? काही चुकलं तर ओरडायला नको?’

हे मात्र त्यांनी वर्मावर बोट ठेवलं. प्रोग्रॅम कोसळला असता तर कुणालाही कळलं असतं. हा कोसळत नाही. हा प्रसन्न चेहऱ्यानं शून्य देत राहतो. आणि यादीत शून्यावर डायरेक्टर असले की त्याला कुणी चूक म्हणतच नाही. ‘तीन महिने कंपनीत असंच चाललं असतं तरी तक्रार आली नसती,’ असं मी म्हटलं, तर मॅनेजरसाहेबांनी दार बंद केलं.

मग बग पकडायला बसलो. या जातीच्या बगचं नाव हायझेनबग. हायझेनबर्ग या शास्त्रज्ञावरून पडलेलं. तो बघायला गेलं की नाहीसा होतो. पोरानं प्रत्येक थ्रेड काय करतोय ते पडद्यावर छापणारी ओळ टाकली. छापायला वेळ लागतो, त्यामुळे थ्रेड आपोआप मागेपुढे झाले, त्यांची टक्कर टळली, आणि दिवसभर एकही शून्य आलं नाही. ओळ काढली, शून्य आलं. ओळ घातली, गेलं.

‘मग ती ओळ राहू द्या ना,’ मॅडम म्हणाल्या.

हसू नका. जगात असे कित्येक प्रोग्रॅम चालू आहेत, ज्यांच्यात एक निरुपयोगी ओळ आहे आणि तिच्यावर ‘ही काढू नये’ असं कुणीतरी निघून गेलेल्या माणसानं लिहून ठेवलं आहे. उलटही घडतं. २००६ साली डेबियन लिनक्समध्ये एका सज्जनानं तपासणी करणारं एक साधन कुरकुर करत होतं म्हणून गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलमधली नकोशी वाटणारी एक गोष्ट बंद केली. रँडमपणा जवळजवळ सगळा तिच्यातूनच येत होता. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. त्यामुळे पुढची दीडेक वर्षं, म्हणजे मे २००८ मध्ये उघडकीला येईपर्यंत, त्या संगणकांवर बनलेल्या गुप्त किल्ल्या म्हणजे सुमारे ३२ हजारांतली एखादी. जगभरच्या सर्व्हरांना कुलपं लागलेली होती आणि जुडगा ज्याला त्याला मिळण्यासारखा होता. पण आवराआवर करणाऱ्या माणसाला कोण बोलणार? आमच्या घरातही दिवाळीची साफसफाई झाली की कामाचे कागद जातात आणि वॉरंटी संपलेल्या मिक्सरची पुस्तिका राहते.

तिसरा उपाय सगळ्यांना माहीत असतो, लॉक. एका थ्रेडनं आत जायचं, कडी लावायची, आकडा घ्यायचा, बाहेर यायचं. बाकीच्यांनी तोवर बाहेर थांबायचं. पोरानं लॉक लावला. पण शून्याची इतकी दहशत बसली होती की त्यानं आकडा घेण्यापुरता न लावता सगळ्या कामालाच लावला: आकडा घेणं, नाव शोधणं, पडद्यावर दाखवणं, आणि डोळ्यांना दिसावं म्हणून थोडा वेळ थांबणं. थ्रेड आत जाऊन कडी लावून झोपत होता. मिक्सरचा पडदा एक नाव पुढे सरके, मग घड्याळाचा, मग कुकरचा. गोव्याची पाळी येईस्तोवर वाद्यवृंदानं दोन गाणी संपवली असती.

‘सोळा कोअरचा सर्व्हर घेतलाय आपण,’ मॅनेजरसाहेब म्हणाले. ‘बाकीचे पंधरा काय करतायत?’

‘रांगेत उभे आहेत.’

‘त्यांना दुसरं काही काम देता येईल?’

शेजारच्या क्युबिकलमधली जावाची मंडळी हे सगळं मजेत ऐकत होती. जावावाल्यांना कुठल्याही दुसऱ्या भाषेच्या फजितीचा मनापासून आनंद होतो. ‘आमचा रँडम पहिल्यापासून सुरक्षित आहे हो,’ त्यांच्यातले ज्येष्ठ म्हणाले. खरं आहे. पण तोही सगळ्यांत मिळून एकच वापरला, की प्रत्येक थ्रेड सीड वाचतो, पुढचा तयार करतो, ठेवायला जातो, तोवर दुसऱ्यानं बदललेला असतो, मग हा पुन्हा पहिल्यापासून. शून्य येत नाही, नुसती दमछाक होते. म्हणून त्यांनी २०११ मध्ये, जावा ७ मध्ये, प्रत्येक थ्रेडला आपापला रँडम दिला. हे मी बोलून दाखवल्यावर ज्येष्ठांना एकदम एक कॉल आला. गो भाषेवाल्यांनी तर २०२३ पर्यंत सीड न देणाऱ्याला दरवेळी तेच आकडे दिले. त्यांच्या शिकवणीतला प्रोग्रॅम ‘माझा आवडता आकडा’ म्हणून रँडम आकडा छापायचा आणि तो आकडा १ असायचा. वर्षानुवर्षं १. एवढी निष्ठा माणसांत दिसत नाही.

आमच्याकडेही उपाय तोच: ज्याचा त्याचा रँडम. पण मग सीड कुठून आणायचा? घड्याळाचा घेतला तर पुन्हा काकांची पत्रिका. पोरगा म्हणाला, थ्रेडचा क्रमांक देऊ, तो तर प्रत्येकाचा वेगळा असतोच. दिला. तालीम उत्तम झाली. चार पडदे, चार नावं, चारही वेगळी. मॅडमना आनंदाश्रू आले. मी सहज म्हटलं, बंद करून पुन्हा चालवून बघू. चालवलं. तीच चार नावं. पुन्हा चालवलं. तीच चार. प्रोग्रॅम सुरू झाला की थ्रेडांना क्रमांक ओळीनं तेच मिळतात, मग आकडेही तेच. आता जी माणसं तालमीला हजर होती त्यांना खऱ्या सोडतीचे विजेते आधीच ठाऊक झाले. काकांनी लगेच फोन उचलून कुणाला तरी ‘गोवा झाला म्हणून समज’ असं सांगितलं. पुन्हा फोन करून तो गोवा रद्द करायला लावावा लागला.

याच सुमारास ऑडिटवाल्यांनी प्रवेश केला. बक्षिसांची रक्कम एका मर्यादेच्या वर गेली होती म्हणे.

‘निकाल रँडम हवा,’ ऑडिटर म्हणाले.

‘हो.’

‘आणि मी नंतर कधीही पुन्हा चालवून बघितला तर हाच निकाल यायला हवा.’

‘म्हणजे रँडम नको?’

‘रँडमच हवा. पण हाच.’

मी कपाळाला हात लावणार होतो, पण ही मागणी खरं तर शहाणपणाची आहे. सीड लिहून ठेवला की हे जमतं. फक्त तो सीड आधी कुणाला कळता कामा नये आणि नंतर कुणी बदलता कामा नये. हे मी समजावलं. ऑडिटर म्हणाले, ‘सीडच्या तीन प्रती काढा, एक सोडतीच्या आधी सगळ्यांना ईमेल करा.’

कंटाळून काका म्हणाले, ‘अरे, सरळ चिठ्ठ्या टाका! आमच्या भिशीत वीस वर्षं टाकतोय.’ सुरुवातीला हे मीच म्हणालो होतो, हे कुणाच्याही लक्षात नव्हतं. पण एव्हाना माझा अभिमान पेटला होता. मी त्यांना १९६९ सालची अमेरिका ऐकवली. व्हिएतनामच्या लढाईसाठी कुणाला आधी बोलवायचं हे ठरवायला १ डिसेंबरला त्यांनी सोडत काढली, टीव्हीवर. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ कॅप्सूलमध्ये. महिन्यामहिन्यानं कॅप्सूल भरल्या आणि नीट ढवळल्याच नाहीत. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर भराभर लागले. डिसेंबरात जन्मलेल्या पोरांनी काय गुन्हा केला होता? काका गप्प झाले. त्यांचा वाढदिवस १४ डिसेंबरचा.

अखेर ज्या उपायापासून सुरुवात करायला हवी होती तिथे आलो. डॉट नेट ६ मध्ये, २०२१ पासून, याची सोय तयारच आहे: रँडम-डॉट-शेअर्ड. कुठल्याही थ्रेडनं, कधीही मागावं, बिनबोभाट मिळतं. एक ओळ. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, प्रॉजेक्ट नव्या आवृत्तीवर नेऊ.

‘नेऊ की. पुढच्या क्वार्टरला.’

हा पुढचा क्वार्टर मी नोकरीला लागलो तेव्हापासून पुढेच आहे. क्लायंटकडे लेबल छापणारं एक यंत्र आहे, ते जुन्याशीच बोलतं, म्हणून आम्हीही जुन्याशीच बोलतो. मग जुन्यातच केलं: प्रत्येक थ्रेडला आपला स्वतःचा रँडम, आणि त्याचा सीड घड्याळाकडून नाही, थ्रेडच्या क्रमांकाकडून नाही, तर संकेतलेखनासाठी ऑपरेटिंग सिस्टिम जे अस्सल बेभरवशाचे आकडे देते त्यातून. मोजून बारा ओळी. पोरानं त्या लिहिल्या, मी सुस्कारा न सोडता वाचल्या. चार दिवस रात्रभर चालवून ठेवला. एकदाही चौघांचं एक आलं नाही, एकदाही शून्याचा चिकटा बसला नाही, सर्व्हरवर कुणी रांगेत उभं नव्हतं.

आता नवी तक्रार आली. मॅडम निकालांचा तक्ता घेऊन आल्या. ‘हे बघा, या फेरीत तीन बक्षिसं एकट्या अकाउंट्सला गेली. हे रँडम नाही.’

‘मॅडम, रँडममध्ये असं होतं.’

‘लोकांना पटणार नाही. रँडम म्हणजे कसं, सगळीकडे थोडं थोडं जायला हवं.’

मॅडमना नावं ठेवण्यात अर्थ नाही. अ‍ॅपलचीही हीच गत झाली होती. गाणी खरोखर रँडम वाजवली, तर एकाच गायकाची दोन गाणी पाठोपाठ लागायची आणि लोक म्हणायचे, हे यंत्र पक्षपाती आहे. २००५ मध्ये त्यांनी ती सोय कमी रँडम केली, तेव्हा कुठे लोकांना ती रँडम वाटू लागली. आमच्या मजल्यावर मी सहज फिरून एक ते दहातला मनाला येईल तो आकडा विचारला. जो भेटला तो ‘सात’ म्हणाला. एक ‘सात’ म्हणता म्हणता थांबला आणि म्हणाला, ‘नको, सगळे सात म्हणत असतील. तीन.’ या माणसाला आम्ही सिक्युरिटी विभागात घेतलं आहे.

मग नियम आले. गेल्या वर्षीच्या विजेत्यांना वगळा. एका विभागाला एकच बक्षीस. नोटीस पीरियडवर असलेल्यांना गोवा नको. नव्या लोकांना कुकर नको, त्यांची लग्नं झालेली नाहीत. प्रत्येक नियमानं त्या बारा ओळींभोवती आणखी चाळीस ओळी चढल्या. मधल्या बारा ओळी मात्र तशाच होत्या, निष्कलंक.

स्नेहमेळाव्याच्या संध्याकाळी क्लायंट व्हीसीवर आला. वाद्यं वाजली. नावं फिरली. मिक्सर एचआरला, घड्याळ जावावाल्या ज्येष्ठांना, कुकर नेटवर्कच्या दादांना. दादांनी मुठी आवळून उडी मारली. आणि गोव्याच्या पडद्यावर डायरेक्टरसाहेबांचं नाव थांबलं.

ते शून्य खरं होतं. यादीतल्या प्रत्येकाइतकाच त्यांचाही हक्क होता आणि तो आकडा शंभर टक्के नियमानं आला होता. मी हे मॅनेजरसाहेबांच्या कानात सांगितलं. पोरानं ते ऑडिटरना सांगितलं. ऑडिटरनी तिथेच लिहून ठेवलेले सीड टाकून पुन्हा चालवलं आणि तोच निकाल आला, ज्यामुळे मागच्या रांगेतल्या लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली. ‘दोनदा लावलं तरी साहेबच!’ कुणीतरी म्हणालं आणि हॉलमध्ये हशा पिकला. डायरेक्टरसाहेबांनी मोठ्या मनानं गोवा परत केला, पण जाता जाता म्हणाले, ‘माझं नाव पुन्हा त्या यादीत दिसता कामा नये.’

नाव काढलं तर सगळ्यांचे क्रमांक एकानं सरकणार आणि ऑडिटरचा जतन केलेला निकाल बदलणार. म्हणून मॅनेजरसाहेबांनी तोडगा काढला. शून्याव्या जागेवर एक बनावट नोंद भरायची: नाव ‘टेस्ट एम्प्लॉयी’, विभाग ‘जनरल’. प्रोग्रॅमला सांगायचं, हा आला तर पुढचा आकडा घे. यादी मात्र एचआरच्या मूळ यंत्रणेतूनच येत होती, म्हणून नोंद तिथेच भरली गेली.

महिना संपला तसे काका हातात कागद घेऊन माझ्याकडे आले.

‘हा टेस्ट एम्प्लॉयी तुमच्याकडचा का?’

‘का हो?’

‘पगार काढलाय त्याचा. पण पॅन दिलेलं नाही यानं. नाही दिलं तर मला २० टक्के कापावे लागतील, मग माझ्या नावानं खडे फोडू नका म्हणावं.’

मी म्हटलं, ‘काका, असा कुणी माणूसच नाही.’

त्यांनी कागद उलटून पाहिला. ‘असं कसं? अप्रेझलही झालंय. चार रेटिंग आहे.’

माझं तीन आहे.